कवितेच्या ग्रुपातलं स्थळ

चहा घ्या आधी, मग सांगतो. आणि ऐकून झाल्यावर बाहेर बोलू नका. म्हणजे सुरतच्या या गोडादऱ्यात सगळ्यांना माहीतच आहे, पण त्यांनी ऐकलंय ते तिखट-मीठ लावलेलं. खरं त्याहून जास्त वाईट आहे, आणि ते फक्त माझ्याकडे आहे.

तर मी कवींचा ग्रुप काढला होता. मोबाइलवर.

मी कोण कवींचा ग्रुप काढणारा? बरोबर आहे तुमचं. आठवीत शाळा सुटली, मामांनी सुरतला आणून एम्ब्रॉयडरीच्या खात्यात लावलं. खातं म्हणजे आमच्याकडे कारखाना. मशीन आपली आपण चालते, शेकडो सुया एकदम वरखाली होतात, मी समोर उभा राहून धागा तुटतो का बघतो. बोलायचं काम नाही. मला तसंही बोलायला जमत नाही. किराणा दुकानात माझ्यानंतर आलेले तीन लोक सामान घेऊन जातात तरी माझा नंबर लागत नाही, असा माझा आवाज.

पण उभ्या उभ्या डोक्यात ओळी यायच्या. त्या मी मोबाइलमध्ये लिहायचो. कुणाला दाखवल्या नव्हत्या. घरी माय होती, तिला दाखवून काय उपयोग? वडील हजीऱ्याला कंपनीत कंत्राटी कामाला, ते घरी येतात तेव्हा झोपायलाच येतात. शेजारच्या मशीनवर बाळू होता, माझा दोस्त, पण बाळूला ओळ म्हटलं की पाण्याच्या टँकरचीच आठवते.

मला एवढंच पाहिजे होतं की आपण लिहिलेलं कुणीतरी वाचावं. आणि आपल्यासारखं आणखी कुणी असेल तर त्यानेही लाजत लाजत काढावं खिशातून. एवढ्यासाठी मी ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘मनातलं’.

आता ग्रुप काढला की लोकांना आत घेताना काहीतरी विचारायला लागतं ना? कोण, कुठले. मला ते कसं लिहायचं ते येईना. मी आयुष्यात तीनच प्रकारचे ग्रुप पाहिलेले. एक खात्याचा, ज्यात शेठ लिहायचे, ‘योगेश, धागो तूट्यो छे, जो तो.’ दुसरा गुड मॉर्निंगवाला. आणि तिसरा आमच्या समाजाचा वधू-वरांचा, ज्यात मायने दोन वर्षांपूर्वी माझा बायोडाटा टाकला होता. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही ती गोष्ट वेगळी.

तिन्हींत सगळ्यात शिस्तीचा ग्रुप तोच. वरती नमुना दिलेला असायचा, सगळे तसंच लिहायचे. मला वाटलं, आपल्यालाही शिस्त पाहिजे. मी तो नमुना उचलला.

तसाच्या तसा नाही उचलला हो. इतका पण मी नाही. उंची काढली. रंग काढला. रास काढली. मामकुळ तर पहिलंच काढलं. कवीच्या मामाचं कुळ आपल्याला काय करायचंय? उरलं ते असं: नाव, मूळ गाव, सध्या राहणार, शिक्षण, कामधंदा, अपेक्षा. खाली, ‘फोटो अलीकडचा असावा. फक्त इच्छुकांनीच यावे.’

‘अपेक्षा’ मी मुद्दाम ठेवली. म्हटलं, माणसाची ग्रुपाकडून काय अपेक्षा आहे ते आधी कळलेलं बरं.

नमुना म्हणून पहिला मीच भरला. शिक्षण आठवी, कामधंदा एम्ब्रॉयडरी खातं. अपेक्षा: समजून घेणारं कुणीतरी असावं. मला वाचक म्हणायचं होतं. फोटो टाकायचा होता, तर माझा एकच धड फोटो आहे. मायने स्टुडिओत नेऊन काढलेला, स्टुडिओवाल्याचा कोट घालून, मागे धबधबा. तो टाकला.

बाळूला म्हटलं, ‘तुझ्या ओळखीच्या ग्रुपांत ही लिंक टाक.’

‘काय लिहू वर?’

‘लिही, ज्यांच्या मनात काही आहे आणि आजवर सांगता आलं नाही, त्यांच्यासाठी.’

बाळूने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. म्हणाला, ‘टाकतो. उशीरच झाला तुला.’

मला वाटलं कवितेला उशीर झाला म्हणतोय.

संध्याकाळपर्यंत ग्रुप भरला. मला तर आनंदाने मशीनकडे बघवेना, दोनदा धागा तुटून गेला आणि अर्ध्या मोरांना पिसारेच नाहीत अशी साडी निघाली. इतके कवी सुरतमध्ये होते आणि आपण एकटे समजत होतो स्वतःला.

पहिली कविता आली गजाननभाऊंची. हे विदर्भातले, प्लास्टर करणारे गवंडी, पन्नाशी ओलांडलेले. गावी राहिलेल्या बायकोवर होती. भिंत गुळगुळीत करता करता तिचा तळहात कसा खरखरीत झाला ते आठवतं, अशी. फार सुंदर.

खाली कुणीतरी लिहिलं, ‘लग्न झालेलं आहे तर ग्रुपात कशाला?’

गजाननभाऊंनी मला वेगळा मेसेज केला. ‘भाऊ, लग्न झालेल्यानं काहून नाही लिहाव? माह्या तं सगळ्या कविता लग्नानंतरच्याच हायेत.’

मी त्यांना म्हटलं, मनावर घेऊ नका, काही लोक कडक समीक्षक असतात. समीक्षक हा शब्द मी नुकताच शिकलो होतो.

मग माझी कविता टाकली. पहिल्यांदाच.

‘हजार सुया बोलत राहतात
मी गप्प उभा
माझ्याकडे दोरा आहे
ओवायला कुणी नाही.’

लगेच तीन उत्तरं आली. ‘कुठलं खातं?’ ‘कायम आहे का?’ आणि ‘खोली स्वतःची की भाड्याची?’

तुम्ही म्हणाल, बाबा, तेव्हा तरी कळायला पाहिजे होतं. पण मला काय वाटलं सांगू? वाटलं, लोक कवीच्या परिस्थितीची चौकशी करतायत. मला भरून आलं. मी तिघांनाही नीट उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी एक परिचय आला.

‘नाव: हर्षाली. मूळ गाव: पारोळ्याजवळ. सध्या राहणार: गोडादरा. शिक्षण: बारावी. कामधंदा: घरी साड्यांना स्टोन चिकटवते. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी. स्वतःची खोली.’

मी विचार केला. मुलगी आहे, अनोळखी ग्रुपात येतेय, इथली मुलं निर्व्यसनी असावीत अशी तिची अपेक्षा आहे. रास्त आहे. आणि स्वतःची खोली? अहो, लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे असतं? आमच्या खोलीत तीन माणसं, एक शिलाई मशीन आणि गावाहून येणारे पाहुणे. मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

मी सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं: ‘स्वागत आहे. इथे सगळे निर्व्यसनी आहेत, मी स्वतः खात्री देतो. स्वतःच्या खोलीची अपेक्षा माझीही आहे. आपण सगळे मिळून प्रयत्न करू.’

ते हर्षालीने टाकलेलं नव्हतंच. ते टाकलं होतं तिच्या वडिलांनी, रघुनाथ आप्पांनी. आप्पा लूमच्या खात्यात मास्टर. म्हणजे माग बिघडले की ते दुरुस्त करणार, सगळे कारागीर त्यांना दबून. हे मला कळलं त्याच दुपारी, जेव्हा खऱ्या हर्षालीचा मेसेज आला. ग्रुपात नाही, एकट्याला.

‘दादा, मी हर्षाली. आधीचं आप्पांनी टाकलं. हा कवितांचा ग्रुप आहे ना?’

‘हो,’ मी लिहिलं. ‘का?’

‘आप्पांना वाटतं स्थळांचा आहे. सगळ्यांनाच वाटतं. तुम्ही वरचा नमुना वाचलाय का?’

मी वाचला. मग माझा परिचय वाचला. मग तो धबधब्याचा फोटो पाहिला.

घाम कसा फुटतो ते मला त्या दिवशी कळलं. मी लिहिलं, ‘आत्ता सगळ्यांना खरं सांगतो आणि माफी मागतो.’

‘नका सांगू.’

‘का?’

‘मागे मी एका कवितांच्या ग्रुपात गेले होते, तर आप्पांनी काढायला लावलं. अनोळखी पोरं असतात म्हणे. इथे त्यांनी स्वतःहून घातलंय मला. म्हणतात, तुझ्या पसंतीशिवाय करायचं नाही, तूही बघत जा.’

‘पण स्थळांच्या ग्रुपातली पोरं अनोळखी नसतात का?’

‘मी पण तेच विचारलं. म्हणाले, त्यांचा बायोडाटा असतो.’

तिने पुढे लिहिलं, ‘इथून बाहेर पडले तर मला परत कुठे लिहिता यायचं नाही, दादा. कविता टाकू का?’

तुम्ही काय केलं असतं? मी ‘टाका’ लिहिलं. ‘दादा’ जरा टोचलं, खोटं कशाला बोलू, पण ‘टाका’ लिहिलं.

तिने टाकली.

‘दुसरीच्या लग्नाच्या साडीवर
मी चांदणं चिकटवते.
डिंक वाळेपर्यंत
ते माझंच असतं.’

मी ती वाचली आणि समोर धागा तुटलेला होता की नव्हता ते मला आजही सांगता येणार नाही. गजाननभाऊंनी लिहिलं, ‘ताई, थापी खाली ठेवली ना मी वाचून.’

मग एका मुलाच्या काकांनी विचारलं, ‘मुलीच्या वडिलांनी खुलासा करावा. हे काय आहे?’

आप्पांचं उत्तर आलं: ‘तिला हस्तकला चांगली येते.’

आता माझी अवस्था बघा. कवींना सांगायचं तर ते चिडणार. पालकांना सांगायचं तर हर्षाली जाणार. मी आपला मधला मार्ग काढला. माझे मधले मार्ग नेहमी खड्ड्यात जातात, पण ते नंतर कळतं. मी नमुन्यात आणखी एक रकाना वाढवला: ‘छंद’. आणि कवींना एकेकाला गुपचूप कळवलं की कविता त्या रकान्यात टाकायची, म्हणजे कुणी हरकत घेणार नाही.

झालं. बिचारे गजाननभाऊ रोज संध्याकाळी लिहायला लागले, ‘नाव: गजानन. शिक्षण: सातवी. छंद:’ आणि खाली लांबलचक कविता. पंधरवड्यात त्यांना एक स्थळ आलं. मुलीच्या आत्याने लिहिलं होतं, ‘वय जास्त वाटतं, पण स्वभाव हळवा दिसतो. पहिलीचं काय झालं?’

गजाननभाऊंचा फोन आला. ‘भाऊ, हे घरी समजलं तं मले गावात पाय ठेवता येनार नाही.’

मी म्हटलं, ‘थोडे दिवस सांभाळून घ्या.’

‘ते त्या पोरीच्या कविता हायेत म्हनून सांभाळतो,’ ते म्हणाले. ‘नाहीतं केव्हाच गेलो असतो.’

खरं तर आम्ही सगळेच तिच्या कवितांसाठी सांभाळत होतो. ती रोज लिहायची. मी रोज खाली लिहायचो, ‘फार आवडली.’ न चुकता. मनापासून. आणि मला एवढी अक्कल नाही की हे सगळं तिचे वडील वाचतायत. बाकी कुणाच्या मुलीच्या बायोडाटाखाली मी काही लिहीत नाही. हिच्याच खाली, रोज, कोटातला फोटो लावून, ‘फार आवडली’.

आप्पांनी काय करावं? त्यांनी चौकशी केली. कुणाकडे? बाळूकडे, लिंक टाकणारा तोच ना.

एका रविवारी सकाळी उठलो तर माय शेंगदाणे भाजत होती. शेजारच्यांच्या दोन खुर्च्या आमच्या खोलीत. पलंगावर नवी चादर.

‘कोण येतंय?’

‘तुले देखाले ई राह्यनात,’ माय म्हणाली. असं हसू मी तिच्या तोंडावर दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ‘बाळूनी सांगं माले. पोर पारोळाकडनी शे. आंघोय करी ले.’

मी बाळूला फोन लावला. ‘अरे, काय सांगितलंस तू?’

‘त्यांनी विचारलं मुलगा कसा आहे. मी म्हटलं एक नंबर. त्यांनी विचारलं अपेक्षा काय. म्हटलं काही नाही, समजून घेणारी पाहिजे फक्त. तूच लिहिलंयस. मी येतोय, घाबरू नकोस.’

फोन ठेवला तर हर्षालीचा मेसेज. ‘दादा, आप्पा आणि मामा निघालेत तुमच्याकडे. मला आत्ता कळलं. मला इतक्यात लग्न करायचं नाही. काहीही करून तुम्ही नापसंत व्हा. पण ग्रुपाचं कळू देऊ नका.’

म्हणजे मला नापसंत व्हायचं होतं, आणि ग्रुपाबद्दल तोंड उघडायचं नव्हतं. नापसंत होणं मला कठीण वाटलं नाही. त्यात माझा दोन वर्षांचा अनुभव होता.

आप्पा आले. उंच, पांढरा सदरा, मिशी. सोबत हर्षालीचे मामा, ते सबंध वेळात काही बोलले नाहीत, फक्त भिंतींना हात लावून ओल बघत होते. बाळू माझ्या शेजारी बसला. स्थळाच्या घरी आलोय म्हणून आप्पा अहिराणी बाजूला ठेवून अगदी शाळेतलं मराठी बोलत होते.

‘शिक्षण किती झालं आपलं?’

मी संधी साधली. ‘आठवी. ती पण कशीबशी.’

‘असू द्या. आमच्या खात्यात एक इंजिनियर आला होता. त्याला मागाचा धोटाही लावता येत नव्हता.’

‘खोली भाड्याची आहे.’

‘गावले घर शे,’ मायने पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता सांगितलं.

‘मला बोलता येत नाही लोकांत.’

‘हे फार चांगलं,’ आप्पा म्हणाले. ‘आजकालची मुलं ऐकतात कुठे?’

‘मी आळशी आहे.’

‘हा?’ बाळू उठलाच. ‘आप्पा, दिवसभर बसत नाही हा. मशीनसमोर उभाच. जेवतो पण उभा.’

मी बाळूच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, ‘आणि लाजाळू पण आहे, सारखा पाय देतो.’

आप्पांनी पोह्यांची ताटली घेतली. चमचा भरला. माय माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावत होती, नीट बस. आता हे ‘हो’ म्हणून उठणार. मग हर्षाली काय म्हणेल? एक माणूस विश्वासाने काहीतरी मागतो आणि आपल्याला तेवढंही जमत नाही.

‘शेवटचं विचारतो,’ आप्पा म्हणाले. ‘व्यसन?’

आणि मी बोलून गेलो. ‘आहे.’

मामांनी भिंतीवरचा हात काढला. मायच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथेच राहिला.

‘कसलं? गुटखा?’

‘नाही.’

‘बाटली? इथे गुजरातमध्ये राहून?’

आता मायच्या समोर बाटली कशी कबूल करू? आयुष्यात मी सोडा पण बाटलीने पीत नाही. दुसरं काही डोक्यात येईना. जीभ खरं बोलायलाच सवकलेली. म्हणालो, ‘कवितेचं.’

‘म्हणजे?’

‘कविता करतो.’

आप्पांनी ताटली खाली ठेवली. त्यांचा आवाज एकदम हळू झाला, दवाखान्यात बोलतात तसा. ‘केव्हापासून?’

‘सुरतला आल्यापासून.’

‘घरी माहीत आहे?’

‘नाही.’

‘आरे, माले का बरं नही सांगं?’ माय म्हणाली आणि खाली बसली.

‘रोज?’ आप्पा.

‘जवळजवळ.’

‘कामावर असताना पण?’

‘कामावरच जास्त.’

‘एकटाच करतोस की कुणाच्या संगतीने?’

‘आधी एकटाच करायचो,’ मी म्हणालो. ‘आता ग्रुप आहे.’

बोललो, आणि बोलता बोलताच मला कळलं मी काय बोललो ते. शब्द परत आत ओढता येत असते तर मी खोलीतली सगळी हवा ओढली असती.

‘कुठला ग्रुप?’

माझा दोस्त बाळू, मदतीला धावून येणारा. त्याने सांगितलं, ‘हाच की आप्पा, ज्यात तुम्ही आहात.’

आप्पांनी खिशातून चष्मा काढला, मोबाइल काढला. बोट हळूहळू वर सरकत होतं. सगळे बायोडाटे ते नव्याने वाचत होते. गजानन, शिक्षण सातवी, छंद. माझा दोरा आणि सुया. मग बोट थांबलं. कुठे थांबलं ते मला बघायची गरज नव्हती.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. हळू, एकेक ओळ. माग दुरुस्त करणारा माणूस जसा एकेक भाग हातात घेऊन बघतो तसं. वाचताना त्यांचं शाळेतलं मराठी गळून पडलं.

‘हाई मन्ही पोरनी लिखेल शे?’

‘हो, आप्पा.’

‘हस्तकला नही मंग.’

‘नाही.’

‘तुले समजस का हाई?’

‘समजते.’

‘माले सांग.’

मी सांगितलं. मला वाटतं मी आयुष्यात एका दमात एवढं कधी बोललो नाही. म्हटलं, आप्पा, साडी दुसऱ्या कुणाची असते. ती घरी येते, हर्षाली तिच्यावर रात्रंदिवस स्टोन लावते, आणि डिंक वाळला की न्यायला माणूस येतो. पण ओला असतो तोवर ती साडी हलवता येत नाही. तेवढा वेळ ती तिच्या मांडीवर असते. तेवढा वेळ ती तिची. बाकी काही मागितलेलं नाही त्यात.

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ‘माले वाटे,’ ते म्हणाले, ‘काम व्हयनं का ती साडी पुढे लई उगीच बठी ऱ्हास. मी रागे भरू. म्हनू, उठ, दुसरी घे.’

कुणी काही बोललं नाही. बाळूसुद्धा. हे लिहून ठेवा, कारण असं परत होणार नाही.

मग आप्पा उठले. मामाही उठले. मायचा धीर सुटला. ‘आप्पा, बठा ना. पोर्‍या गुनी शे. तो सोडी दी ते. मी सोडाले लावसू.’

‘ताई, ते सुटत नाही,’ आप्पा परत शाळेतल्या मराठीवर आले. ‘मुलगा चांगला आहे तुमचा. दुसरं कुठलं व्यसन असतं तर विचार केला असता, चार दिवस गावी ठेवून बघितलं असतं. पण माझ्या घरात एक कवी निघालाय. तिला दुसरा कवीच करून दिला, तर दोघं दूध उतू जाताना त्यावर कविता करतील. गॅस कोण बंद करणार?’

मामा पहिल्यांदा हसले.

म्हणजे मी नापसंत झालो. सांगितल्याप्रमाणे. पण दुसरं काम मी स्वतःच्या तोंडाने बिघडवून ठेवलं होतं. आप्पा चपला घालत होते. आता ते घरी जातील आणि पहिल्यांदा तिचा मोबाइल मागतील. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती तिच्यासाठी. मी दारापर्यंत गेलो.

‘आप्पा.’

‘हं.’

‘चूक माझी आहे. नमुना मी चुकवला. तुम्ही मला हवं ते बोला. पण हर्षालीला ग्रुपातून काढू नका.’

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळून आमची खोली पाहिली. उसन्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर पोहे खात बसलेला बाळू.

‘एक सांग,’ ते म्हणाले. ‘त्या ग्रुपात कविता करणारी जी पोरं आहेत, ती सगळी तुझ्यासारखीच आहेत?’

मी प्रामाणिकपणे विचार केला. ‘सगळी,’ म्हटलं. ‘काही तर माझ्याहून जास्त.’

आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘मग राहू दे तिला,’ ते म्हणाले. ‘मी उगाच घाबरत होतो अनोळखी पोरांना. या ग्रुपात कुणाचं कुणाशी जुळायची भीतीच नाही.’

आणि गेले.

हर्षाली ग्रुपात आहे. रोज लिहिते. आप्पा आता तिच्या कवितेखाली स्वतः अंगठा देतात, आणि एखादी समजली नाही तर मला फोन करतात. ग्रुप कवितांचा आहे हे सगळ्यांना सांगून ‘छंद’चा रकाना आम्ही काढून टाकला, गजाननभाऊ मोकळे झाले. एवढं सगळं नीट झालं.

फक्त आप्पांनी ही गोष्ट खात्यात सांगितली. तिथून ती साऱ्या गोडादऱ्यात गेली, आणि आपल्या मुलीला मोबाइल देताना घाबरणाऱ्या प्रत्येक बापाला कळलं की सुरतमध्ये एक ग्रुप असा आहे, जिथे मुलगी अगदी सुरक्षित राहते. खात्रीचा ग्रुप. अ‍ॅडमिन स्वतः नापसंत झालेला.

मायने अजून आशा सोडलेली नाही. ती अजूनही समाजाच्या ग्रुपातून नंबर शोधते आणि धबधब्याच्या फोटोसकट माझा बायोडाटा पाठवते. आता उत्तरं मात्र येतात, आधी तीही येत नव्हती. प्रत्येकीच्या घरून येतं. उघडून बघावं तर मुलीच्या बायोडाट्याऐवजी मुलीची कविता, आणि खाली, ‘दादा, आम्हाला पण ग्रुपात घ्या ना.’